वाइनच्या डोंगरावरून

हाइलब्रॉन
१२ ऑक्टोबर

प्रिय दत्ता,

परवा फोनवर तू विचारलंस, "तिकडच्या द्राक्षबागा कशा रे?" आणि मी "डोंगरावर असतात" एवढं बोलून मोकळा झालो. रविवारी पुन्हा त्याच डोंगरावर जाऊन आलो, म्हणून आता बैजवार लिहितो. तुझी फळछाटणी चालू असेल, म्हणजे हे पत्र रात्री जेवण झाल्यावरच उघडशील.

जर्मनीतल्या या गावाचं नाव वाइन्सबेर्ग. सरळ अर्थ, वाइनचा डोंगर. हाइलब्रॉनच्या पूर्वेला पाचेक किलोमीटर, मध्ये एका डोंगराच्या पोटातून १८६२ सालचा रेल्वेबोगदा. वस्ती बारा हजारांच्या आसपास. खालून झुल्म नावाची नदी वाहते. नावावर जाऊ नकोस, गरीब ओढा आहे.

टेकडी गोल, माथ्यावर पडका किल्ला, आणि कडेनं वेलीच वेली. आपल्यासारखा काळा कातळ नाही. चिकणमाती आणि चुन्याची मिसळ असलेली माती, वाळली की मुठीत चुरगळते. सगळ्यात भाव दक्षिणेच्या उताराला, कारण इथला सूर्य दक्षिणेकडे कललेला आणि खालचा. उन्हाला अंग देणारा उतार असेल तरच घडात साखर उतरते. तू मांडवाखाली घडांना सावली शोधतोस, ही माणसं ऊन गोळा करतात. तारेवर छातीएवढ्या उंचीच्या ओळी, आणि छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. आपल्याकडे दोनदा, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, असं सांगितल्यावर तिथल्या एका आजोबांनी मला खुळ्यातच काढलं. त्यांची वेल थंडीत झोपते, तुझीला झोप कुठली!

आता किल्ल्याकडे वळतो. त्याला वायबरट्रॉय म्हणतात, म्हणजे बायकांची निष्ठा. ११४० साली राजा तिसरा कोनराड यानं वेल्फ घराण्याच्या या गडाला वेढा घातला. गड पडला. राजानं बायकांना मुभा दिली, खांद्यावर मावेल तेवढं घेऊन निघून जा. बायकांनी भांडीकुंडी, दागिने सोडले आणि नवऱ्यांना पाठुंगळी घेऊन गड उतरल्या. राजाच्या भावानं हरकत घेतली, हे कुठं ठरलं होतं म्हणून. राजा म्हणाला, राजाचा शब्द फिरत नसतो. ही हकिगत पुढं काही दशकांनी कोलोनच्या राज-बखरीत आली. खरी की रचलेली यावर पंडित अजून भांडतात. गावानं मात्र कधीच निकाल देऊन टाकलाय. (वहिनींना विचार, तुला उचलून गड उतरतील का. तुझं वजन बघता मला शंकाच आहे.)

मला अडकवलं ते दुसऱ्या गोष्टीनं. तीही याच टेकडीची, पण पहिलीएवढी मोठ्यानं कोणी सांगत नाही. १५२५ साली जर्मन शेतकऱ्यांनी बंड केलं. वेठबिगारी, सारा, जंगलात लाकूड तोडायची बंदी, कारणं तुला नवीन नाहीत. इथला अधिकारी होता काउंट लुडविग फॉन हेल्फेनश्टाइन. वाटेत सापडलेल्या शेतकऱ्यांना त्याच्या स्वारांनी कापलं होतं. १६ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, शेतकऱ्यांनी गड आणि गाव घेतलं. गावातल्याच लोकांनी त्यांना वेशीतून आत घेतलं. काउंट पकडला गेला. त्याची बायको मार्गारेटे, सम्राट माक्सिमिलियानची अनौरस मुलगी, लहान पोर कडेवर घेऊन गुडघ्यावर बसली आणि नवऱ्याचा जीव मागू लागली. कोणी ऐकलं नाही. येकलाइन रोरबाख या पुढाऱ्यानं काउंटला आणि त्याच्या सोबतच्या सरदारांना भाल्यांच्या दोन रांगांमधून पळायला लावून मारलं. मार्गारेटेला शेणाच्या गाडीत बसवून हाइलब्रॉनला धाडलं.

दत्ता, तीच टेकडी. त्याच्या तीनशे पंच्याऐंशी वर्षं आधी बायकांच्या, त्यांनी मागितलं नव्हतं तेही पदरात पडलं. ही मागत होती, तिला काही मिळालं नाही. मला रोरबाखचा राग येतो, पण त्याच्या बाजूनं बोलावंसंही वाटतं. तो स्वतः वेठीच्या घरातला होता. महिन्याभरात सरदारांची फौज आली, रोरबाखला झाडाला साखळीनं बांधून जिवंत जाळलं आणि २१ मे रोजी अख्खं वाइन्सबेर्ग पेटवून दिलं. म्हातारेकोतारे, पोरंसोरं, सगळ्यांचीच घरं गेली. त्या सूडाची गोष्टही फारशी कोणी सांगत नाही.

पुढं तीनशे वर्षं किल्ल्याचे दगड लोक आपल्या घरांना नेत राहिले. मग १८१९ मध्ये युस्टिनुस केर्नर नावाचा डॉक्टर इथं आला. तो कवीही होता, आणि गंमत म्हणजे भुतांवर विश्वास ठेवणारा. त्यानं गावातल्या बायकांची संस्था काढून पडझड थांबवली आणि बुरुजात वाऱ्यावर वाजणाऱ्या तंतुवीणा बसवल्या. पण त्याचं मोठं काम वेगळंच. खराब सॉसेज खाऊन माणसं लुळी पडून मरत, त्या विषाचा त्यानं कसून अभ्यास केला, स्वतःवरही प्रयोग केले. आज बायका-पुरुष सुरकुत्या घालवायला बोटॉक्स घेतात, ते हेच विष!

१२ एप्रिल १९४५ ला, लढाई संपायला महिनाही उरला नव्हता तेव्हा, विमानांनी गाव जाळलं. म्हणून आता जुनी घरं थोडीच दिसतात.

तुझ्या कामाचं शेवटी ठेवलंय. इथं १८६८ पासून द्राक्षाची शाळा आहे, बागायतदारांची पोरं तिथं शिकतात. आउगुस्ट हेरोल्ड नावाच्या माणसानं तिथं १९५५ मध्ये डॉर्नफेल्डर हा काळा वाण काढला, आज जर्मनीभर लावतात. त्याच्या दोन पालक वाणांपैकी एकाचं नाव हेल्फेनश्टाइनर. होय, त्याच घराण्याच्या गडावरून. रविवारी उतरताना खालच्या दुकानात डॉर्नफेल्डरची बाटली घेतली. रंग असा की काचेवर डाग राहतो. चवीला बरी, पण मला थोडी तुरट लागली.

तू लावायला वेलीच्या काड्या मागितल्यास, ते जमणार नाही. परवान्याशिवाय रोपं-काड्या भारतात नेता येत नाहीत, आणि मला विमानतळावर बसून राहायचं नाहीये. बाटली आणतो, डिसेंबरात. तुझे बेदाणे मिळाले, संपलेही. काकूंना नमस्कार सांग, आणि वेलींवरच्या डाऊनी रोगाचं काय झालं ते कळव.

तुझा,
विन्या