उपवासकाळात ताटाबरोबर अंतःकरणाचीही झडती हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, जवळ आला की ख्रिस्ती घरांत पहिला प्रश्न निघतो, 'या वर्षी काय सोडायचं?' कुणी मटण-मासळी सोडतं, कुणी चहा, कुणी दारू, आणि हल्ली कुणी मोबाइलवरचे रील्स. वृत्तपत्रांत येणारा मजकूरही बहुधा याच अंगाने जातो. सोडण्याला आमचा विरोध नाही. पण कॅथलिक चर्चचा सक्तीचा उपवास आहे तरी किती? राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोनच दिवस, तोही १८ ते ५९ वयाच्या धडधाकट माणसांना, एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडंसं खाणं. एवढं कुणालाही जमतं. जमत नाही ते दुसरंच. कपाळावर राख लावताना धर्मगुरू 'पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा' असं म्हणतात. पश्चात्ताप नेमका कशाचा करायचा, हे शोधायला आपण बसतच नाही.

याचा पुरावा ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात पापनिवेदनाच्या, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापांची कबुली देण्याच्या, रांगेत दिसतो. प्रथम कम्युनियनच्या, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसादाची भाकर घेण्याआधीच्या, वर्गात आठ-नऊ वर्षांच्या मुलाला एक यादी पाठ करून दिलेली असते: खोटं बोललो, आईबाबांचं ऐकलं नाही, भावंडांशी भांडलो. पंचेचाळीसाव्या वर्षी तोच माणूस तीच यादी म्हणतो, फक्त आईबाबांच्या जागी बायको येते. मधल्या काळात त्याने घर बांधलं, जमीन विकली, माणसं कामाला ठेवली, कुणाची अनामत बुडवली, कुणाशी बोलणं टाकलं. त्यातलं एकही यादीत नसतं. तो लपवत नसतो. त्याने तिकडे पाहिलेलंच नसतं.

पाहायचं कसं, याची पद्धत जुनी आणि अगदी साधी आहे. जेसुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकाला १५४८ साली पोपची मान्यता मिळाली, त्यात ती पाच टप्प्यांत दिली आहे. आधी दिवसभरात मिळालेल्या गोष्टींसाठी देवाचे आभार. मग स्वतःची पापं ओळखता यावीत म्हणून कृपेची याचना. मग दिवसाचा तासातासाने आढावा. त्यानंतर क्षमायाचना, आणि शेवटी उद्यासाठी एक निश्चय. सगळं मिळून पंधरा मिनिटं, रात्री जेवण झाल्यावर, झोप डोळ्यांवर येण्याआधी. अंथरुणात पडून करू नये, दुसऱ्या टप्प्यालाच झोप लागते.

चूक बहुतेकांची होते ती क्रमात. आभार गाळून थेट चुकांवर उडी मारली की पंधरा मिनिटांत माणूस एक तर स्वतःला झोडपत बसतो किंवा स्वतःची वकिली करतो. दिवसात मिळालेल्या तीन-चार गोष्टी नावानिशी आठवल्या की मन सैल पडतं आणि चूक कबूल करायला धजतं. नावानिशी म्हणजे 'आरोग्य दिलंस' असं मोघम नव्हे. 'ताप उतरला आणि मुलगी शाळेत गेली', असं.

तासातासाने म्हणजेही अक्षरशः तासातासाने. सकाळी स्वयंपाकघरात काय बोललो? विरार लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी सरकून बसायची वेळ आली तेव्हा काय केलं? साहेबांसमोर कोणाच्या नावावर चूक ढकलली? कामवाल्या बाईंनी उचल मागितली तेव्हा चेहरा कसा झाला? 'आज दिवस बरा गेला' हे परीक्षण नव्हे. आणि प्रत्येक ठिकाणी आणखी एक प्रश्न विचारायचा: हे कुठून आलं? भीतीतून, हेव्यातून, की मोठेपणाच्या हावेतून? माणसाला विटाळतं ते आतून, अंतःकरणातून निघतं, असं येशूने बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या ७व्या अध्यायात सांगितलं ते याचसाठी. बायबलमधला 'लेव' हा हिब्रू शब्द केवळ भावनांचं घर नाही. विचार, इच्छा, निर्णय हे सगळं त्यात येतं. म्हणून मराठीत त्यासाठी कधी हृदय, कधी मन, तर कधी अंतःकरण असे शब्द वापरावे लागतात.

रोजच्या आढाव्याच्या जोडीला त्याच पुस्तकात एका दोषामागे लागण्याची वेगळी रीत आहे, आणि आमच्या मते उपवासकाळासाठी तीच सर्वांत उपयोगी. एकच दोष निवडायचा. सकाळी उठताच त्याविरुद्ध निश्चय, दुपारच्या जेवणानंतर हिशेब, रात्री पुन्हा हिशेब. वहीच्या एका पानावर सात दिवसांसाठी रेघांच्या सात जोड्या आखायच्या. वरची रेघ दुपारपर्यंतची, खालची रात्रीपर्यंतची. जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके. रात्री वरच्या रेघेशी खालची ताडून पाहायची, कालच्याशी आजची, आणि रविवारी गेल्या आठवड्याशी हा आठवडा. शिवाय चूक झाल्याक्षणी छातीवर हात ठेवायचा. चारचौघांतही हे कुणाच्या लक्षात येत नाही.

दोष निवडताना मोजता येईल असाच निवडावा. 'अहंकार' मोजता येत नाही, 'दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडणं' मोजता येतं. 'राग' मोजता येत नाही, 'मुलावर ओरडणं' येतं. दुसऱ्या आठवड्यात ठिपके वाढले तर घाबरून वही बंद करू नये. बहुतेक वेळा चुका वाढलेल्या नसतात, त्या दिसू लागलेल्या असतात. सहा आठवड्यांत दोष मुळासकट जाईल अशीही अपेक्षा नको. बायबलच्या स्तोत्र ५१मध्ये इस्राएलचा राजा दावीद 'माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर' अशी विनवणी करतो. तिथलं 'बारा' हे हिब्रू क्रियापद बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच ओळीत, देवाने आकाश आणि पृथ्वी निर्माण केली, तिथे येतं. म्हणजे दावीद जुन्या हृदयाची डागडुजी मागत नाही. तो जे मागतो ते फक्त देवच करू शकतो. वही आपली, काम त्याचं. हे विसरलं की ठिपके कमी झाल्याचाच गर्व चढतो.

याच दाविदाकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. बथशेबा या परस्त्रीशी ठेवलेला संबंध आणि तिच्या नवऱ्याचा घडवून आणलेला मृत्यू यांनंतर कित्येक महिने तो निवांत होता, मूलही जन्मलं होतं. नाथान संदेष्ट्याने येऊन एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी कशी पळवली ते सांगितलं, तेव्हा दावीद संतापला, पण त्या श्रीमंतावर! 'तो माणूस तूच' हे त्याला दुसऱ्याने सांगावं लागलं. एकट्याने केलेल्या परीक्षणाला इथे मर्यादा पडते. म्हणून पापनिवेदन आहे, आध्यात्मिक मार्गदर्शक आहे. प्रॉटेस्टंट परंपरेतही हे ओळखलेलं आहे. जॉन वेस्ली यांच्या मेथडिस्ट चळवळीत १७४२ पासून साधारण बारा-बारा जणांचे गट आठवड्याला एका प्रमुखाकडे आपल्या जिवाची विचारपूस करून घेत. आजही भाकर-द्राक्षरसाच्या प्रभुभोजन विधीपूर्वी 'प्रत्येकाने आत्मपरीक्षण करावे' हा प्रेषित पौलाचा आदेश मंडळीत वाचला जातो. तो वाचून झाल्यावर निदान पाच मिनिटं शांतता ठेवावी, अशी पाळकांना विनंती आहे. अर्ध्या मिनिटात गीताचा क्रमांक सांगितला तर कोण कसलं परीक्षण करणार?

आता सर्वांत अवघड भाग. कॅथलिक धर्मशिक्षणात चांगल्या पापनिवेदनाच्या पाच गोष्टी शिकवतात: आढावा, अनुताप, निश्चय, कबुली आणि भरपाई. पाचवीची आपण तीन 'नमो मारिया' प्रार्थनांवर बोळवण करतो. पण जे हिरावून घेतलं ते परत करता येत असेल तर परत केलंच पाहिजे, हीसुद्धा चर्चचीच शिकवण आहे. बायबलमधल्या जक्कय या जकातदाराने येशूला घरी नेलं तेव्हा अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्याला चौपट, असा आकडा सांगितला. आपल्याकडे याचा अर्थ सरकवलेला बांध मागे घेणं, बहिणीकडून गोड बोलून घेतलेल्या हक्कसोड पत्राचा पुन्हा विचार करणं, मजुराची थकलेली रोजी चुकवणं. वडिलोपार्जित वाडीवरून अबोला धरलेले दोन भाऊ एकाच मिस्सात (चर्चमधल्या मुख्य उपासनेत), पुढच्या-मागच्या बाकांवर बसतात आणि एकाच रांगेतून ख्रिस्तप्रसाद घेतात. मत्तयाच्या ५व्या अध्यायात मात्र अर्पण वेदीपुढेच ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलं आहे. समोर जाऊन बोलणं जमत नसेल तर फोन करावा, तेही जमत नसेल तर दोन ओळींचं पत्र लिहावं. त्यात 'तुझंही चुकलंच होतं' हे वाक्य मात्र घालू नये. त्या एका वाक्याने समेट मोडतो.

एक इशाराही द्यायला हवा. काहींना परीक्षणाचं व्यसन जडतं. क्षमा झालेलं पाप पुन्हापुन्हा सांगणं, 'नीट सांगितलं नाही' म्हणून परत रांगेत उभं राहणं, साध्या विचारातही महापाप दिसणं. खुद्द इग्नेशियस यांनी स्पेनमधल्या मानरेसा गावी या शंकांनी जीव नकोसा होण्यापर्यंत यातना भोगल्या होत्या. अशा माणसाने ठिपक्यांची वही बाजूला ठेवावी, एकच धर्मगुरू धरावा आणि ते 'पुरे' म्हणतील तिथे थांबावं. विचार हटतच नसतील तर डॉक्टरांकडेही जावं, त्यात श्रद्धेचा कमीपणा नाही.

धर्मग्रामांकडे, म्हणजे गावोगावच्या चर्चकडे, आमच्या तीन साध्या मागण्या आहेत. पापनिवेदनाच्या वेळा उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यापासून फलकावर लावाव्यात, म्हणजे झावळ्यांच्या रविवारनंतर, ईस्टरच्या आधीच्या शेवटच्या आठवड्यात, माणशी दोन मिनिटांची घाई होणार नाही. प्रौढांसाठी त्यांच्या वयाची, व्यवहाराची, जमिनीची, पगाराची, फोनची अशी प्रश्नावली एका पानावर छापून बाकांवर ठेवावी. आणि शुक्रवारच्या 'क्रुसाची वाट' या प्रार्थनेनंतर दिवे मंद करून पंधरा मिनिटं सर्वांनी मिळून हे पाच टप्पे करावेत. एकदा सर्वांसोबत केलं की घरी एकट्याने करायला सोपं जातं.

— धर्मशिक्षण देणारे काही प्रापंचिक, वसई