विद्यापीठाची व्याख्याने संध्याकाळी गावात होऊ द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. तेव्हापासून प्राचीन मराठीवर काही ना काही कार्यक्रम होत आहेत आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र विद्यापीठांची साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान या विषयांवरची व्याख्याने ज्या वेळी आणि ज्या जागी होतात, त्यामुळे ती सर्वसामान्य नागरिकांपर्यंत पोहोचतच नाहीत. एका तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाचा कार्यवाह या नात्याने याविषयी लिहीत आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडच्या एका महाविद्यालयात बहिःशाल योजनेतून, म्हणजे विद्यापीठाबाहेरच्या लोकांसाठीच्या शिक्षणातून, महानुभाव गद्यावर (चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथाच्या जुन्या मराठी गद्यावर) व्याख्यान होते. वेळ सकाळी अकराची, वारही कामाचा. त्या वेळी दुकानदार गल्ल्यावर, शिक्षक वर्गात, शेतकरी रानात आणि बहुतेक बायका कामात. म्हणजे यायचे कोणी? कला शाखेची मुले हजेरीपत्रकावर सह्या घेऊन बसवली होती. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय आणि अध्यक्षीय मनोगत एवढे उरकून व्याख्यात्या बाई बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा बारा वाजत आले होते.

बाईंनी भाषण बाजूला ठेवले, सोबत आणलेला 'दृष्टान्तपाठ' हा महानुभावांचा ग्रंथ उघडला आणि आंधळे व हत्तीचा दृष्टान्त सावकाश, मोठ्याने वाचला. कोणाला हत्ती खांबासारखा वाटतो, कोणाला सुपासारखा. मागच्या रांगेतले मोबाइल हळूहळू खाली गेले. सातशे वर्षांपूर्वीची मराठी मुलांना कळत होती आणि ती आपल्याला कळते आहे याचे नवल त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. वाचन संपल्यावर एका मुलीने विचारले, "एवढं जुनं आणि एवढं सोपं मराठी होतं, तर आम्हाला शाळेत आधी ज्ञानेश्वरीच का माहीत झाली?" बाईंनी उत्तर सुरू केले आणि टेबलावर चिठ्ठी आली. सभागृह पुढच्या कार्यक्रमासाठी हवे होते. आभारप्रदर्शन झाले आणि मुले बाहेर पडली.

त्या उत्तराला दहा मिनिटे पुरली असती. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत उतरवून मठांमध्ये जपले. त्यामुळे पंथाबाहेरच्या माणसाला पोथी हाती आली तरी वाचता येत नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ही लिपी उलगडली आणि मग चक्रधरस्वामींच्या आठवणी सांगणाऱ्या 'लीळाचरित्रा'सारखे ग्रंथ अभ्यासकांसमोर येऊ लागले. अभिजात दर्जाच्या मागणीत आपण ज्या ग्रंथांचा दाखला दिला, त्यांतला हा एक. त्याची ही हकिगत गावातल्या किती जणांना माहीत आहे? मला तरी ती फार उशिरा कळली.

याच पंथातली एक गोष्ट विद्यापीठांच्या कुलगुरूंनी जरूर आठवावी. पंथातले ग्रंथकार केशोबास संस्कृतात रचना करू इच्छीत होते. पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांनी त्यांना अडवले. असे केल्याने माझ्या म्हाताऱ्या नागवतील, म्हणजे वंचित राहतील, असे त्यांचे म्हणणे 'स्मृतिस्थळ' या महानुभाव ग्रंथात नोंदले आहे. पंथातल्या म्हाताऱ्या बायकांना कळले पाहिजे, हीच त्यांची कसोटी होती. आज व्याख्यान मराठीत असते, पण अकरा वाजता प्राचार्यांच्या दालनाशेजारी असते. त्या म्हाताऱ्या आजही बाहेरच आहेत.

बहिःशाल शिक्षण सुरू झाले ते नेमके याच्या उलट हेतूने. १८७३ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने आपले अध्यापक नॉटिंगहॅम, डर्बी, लेस्टर या शहरांत पाठवले, ते तिथल्या कामकरी मंडळींना आणि उच्च शिक्षणाची दारे बंद असलेल्या स्त्रियांना शिकवण्यासाठी. व्याख्यानाचा छापील आराखडा श्रोत्यांच्या हाती असे आणि प्रश्नांना स्वतंत्र वेळ असे. आपल्याकडेही हे वळण काही नवे नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला संध्याकाळी भरते. नाशिकला मे महिन्यात गोदाघाटावर लोक जेवणाआधी व्याख्यान ऐकायला जातात. आपल्या माणसांना ऐकायची सवय आहे. तरी 'लोक येत नाहीत' असे सरसकट म्हटले जाते, ते मला मान्य नाही.

दुसरा मुद्दा छपाईचा. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी मुंबई विद्यापीठाची विल्सन व्याख्याने १८७७ मध्ये दिली. संस्कृत, पाली, प्राकृत आणि आजच्या भाषांचा तो सगळा प्रवास १९१४ मध्ये ग्रंथरूपाने निघाला, म्हणून आजही वाचता येतो. डॉ. आंबेडकरांनी २९ जानेवारी १९३९ रोजी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत संघराज्यावर दिलेले काळे स्मृती व्याख्यान छापले गेले, म्हणून राज्यघटनेचे अभ्यासक ते अजून वाचतात. ही दोन्ही व्याख्याने इंग्रजीत होती, तरी ती टिकली. मग आजची मराठी व्याख्याने कुठे जातात? वर्तमानपत्रात सत्काराचा फोटो येतो, महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलला अहवाल लागतो आणि व्याख्यात्यांची टिपणे त्यांच्याच पिशवीतून परत जातात. निदान ध्वनिमुद्रण करून वाचनालयांना द्यायला काय हरकत आहे?

गोवा विद्यापीठाने या बाबतीत चांगला पायंडा पाडला आहे. तिथे अभ्यागत संशोधन प्राध्यापकांची अध्यासने आहेत, इतिहासकार दा. ध. कोसंबींच्या नावाचे आहे, कवी बाकीबाब बोरकरांच्या नावाचेही आहे. त्यांची व्याख्याने विद्यार्थ्यांबरोबर नागरिकांनाही खुली ठेवली जातात. परिसरतज्ज्ञ माधव गाडगीळ कोसंबी अध्यासनावर होते. अशा माणसाचे व्याख्यान ऐकायला आमच्या गावातून कोणीही रजा टाकून गेला असता. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी हे अनुकरण जरूर करावे.

यासाठी नवी इमारत किंवा फार मोठी तरतूद लागत नाही. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी हजारो वाचनालये आहेत. त्यांतल्या कित्येकांकडे सभागृह, खुर्च्या आणि ध्वनिक्षेपक आहे. व्याख्यात्यांचे मानधन आणि प्रवासखर्च विद्यापीठ आजही देतेच. अडचण एकच, रात्री परतीची एसटी नसते. त्यांच्या मुक्कामाची सोय सभासदांच्या घरी आनंदाने होईल, असे मी आमच्या वाचनालयापुरते खात्रीने सांगतो. व्याख्यान साडेसहाला सुरू करावे. ज्या ग्रंथावर बोलायचे त्याच्या दोन पानांच्या झेरॉक्स प्रती श्रोत्यांना द्याव्यात आणि आधी तो मजकूर मोठ्याने वाचावा. आमच्याकडे पोथी ऐकलेली पिढी अजून आहे, तिला वाचन कळते आणि त्यातले चुकलेले तर लगेच कळते. सत्कार पूर्ण वगळावा. प्रश्नांना मात्र व्याख्यानाइतकाच वेळ द्यावा, कारण माझ्या मते खरे शिक्षण तिथेच सुरू होते. विद्यार्थ्यांनी अवश्य यावे, पण हजेरीपत्रकाशिवाय. सोबत घरच्या माणसांना आणावे.

आमच्या वाचनालयाचे सभागृह दिवाळीनंतरच्या कोणत्याही शनिवारी संध्याकाळी विनामूल्य देण्याचा ठराव आम्ही कार्यकारी मंडळात केला आहे. जाहिरात, झेरॉक्स आणि चहा आमच्याकडे. त्या दिवशी ज्यांचे उत्तर अर्धवट राहिले त्या बाईंनाच पहिले निमंत्रण द्यावे, अशी सभासदांची इच्छा आहे. विद्यापीठाने तेवढी तारीख कळवावी.

आपला,
कार्यवाह, एक सार्वजनिक वाचनालय,
नाशिक जिल्हा