‘आफ्टर’नंतरचा फोटो

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत वजन कमी करायच्या ऑपरेशनवर लेख आला होता, तो आमच्या घरी मी, आमचे हे आणि सासूबाई अशा तिघांनी वाचला आणि तिघांनी तीन अर्थ काढले. लेखाचा सूर एकंदर असा की ऑपरेशन म्हणजे शॉर्टकट, ज्यांना जिभेवर ताबा नाही आणि खिशात पैसा आहे त्यांचं काम, बाकी जिद्द असेल तर चालून-पळून सगळं उतरतं. आणि जिद्दीचा पुरावा म्हणून खाली दोन फोटो, बिफोर आणि आफ्टर. त्या फोटोंमुळेच लिहायला बसले, नाहीतर मी काय पेपरात पत्रं लिहिणाऱ्यातली नाही. तसेच दोन फोटो तुमच्याच पेपरने माझेही छापलेत. जानेवारी 2020, आमची डोंबिवलीची पुरवणी, पान 3, उजवा कोपरा. 97 किलो आणि 66 किलो. यांनी ते कात्रण लॅमिनेट करून आणलं होतं, अजून कपाटात साड्यांच्या खाली आहे.

आज माझं वजन 94 आहे.

तेव्हा काय केलं ते थोडक्यात सांगते. 2018 ची दिवाळी झाली आणि सुरू केलं, 14 महिने लागले. त्या वेळी सगळीकडे दीक्षित की दिवेकर हा वाद पेटलेला, दोनदाच जेवा की दर दोन तासांनी खा, लोकलच्या डब्यात बायका यावरून अक्षरशः हमरीतुमरीवर यायच्या. मी यातलं काय केलं ते लिहीत नाही, उगाच कुठल्यातरी एका बाजूचे लोक अंगावर येतील, आणि दोष डाएटचा नाहीच, 31 किलो उतरलं ना. पावणेपाचला उठून दोन डबे, मग तासभर चालणं, मग 7.52 ची लोकल, संध्याकाळी परत जिने. भाच्याच्या लग्नात मी माझा डबा घेऊन गेले होते आणि पंगतीत बसून काकडी खाल्ली. गणपतीत एकशे एक मोदक वळले आणि अर्धा खाल्ला, तोही प्रसाद नाही म्हणता येत नाही म्हणून. याला जर जिद्द म्हणत नसतील तर मग मला माहीत नाही कशाला म्हणतात.

पण वजन परत येणार हे ज्यांना आधी कळलं होतं ते आमचे टेलरकाका. 66 झाल्यावर मी पिशवीभर ब्लाऊज आणि ड्रेस घेऊन गेले, म्हटलं काका सगळं आत घ्या आणि जास्तीचं कापड कापून टाका, मला ते परत बघायचंच नाहीये. काका म्हणाले, आत घेतो, कापत नाही, दोन इंच माया ठेवतो आत, असू दे. मला इतका राग आला होता त्यांचा! घरी येऊन यांना म्हटलं, बघा, सगळं जग अभिनंदन करतंय आणि हा माणूस माझ्या वाढण्याची सोय करून ठेवतोय. 2021 ला एक टीप उसवली, 2022 ला दुसरी, 2023 च्या चैत्रात माया संपली. काका एकदाही काही बोलले नाहीत, टेप लावायचे, वहीत आकडा लिहायचे आणि गुरुवारी या म्हणायचे. बाकी कोण गप्प बसलंय हो? हळदीकुंकवाला एका बाईंनी हातात वाण देता देता ‘अय्या, परत?’ म्हटलं, एवढे दोनच शब्द, घरी येऊन मी बाथरूमचा नळ सोडून रडले.

लोकांना वाटतं की मी खात सुटले असेन. तसं झालं नाही हो. पहिली दोन वर्षं तर तेच डबे, तेच चालणं, लॉकडाऊनमध्ये गच्चीवर फेऱ्या मारल्यात मी, शेजारच्या बिल्डिंगमधले लोक हसायचे. पण भूक. ती पोटातली भूक नाही, म्हणजे पोटात कावळे ओरडणं वगैरे वेगळं, ही डोक्यातली. ऑफिसात एंट्री करतेय आणि डोक्यात फक्त डब्यातली पोळी, अकरा वाजले, सव्वाअकरा वाजले, अजून एक तास पोळी. 97 ची असताना मला अशी भूक कधी लागली नव्हती, हे मी देवाशप्पथ सांगते. सहा महिने, वर्ष, दोन वर्षं माणूस त्या पोळीला नाही म्हणू शकतो, मग कधीतरी सासऱ्यांचं आजारपण येतं, मुलाची दहावी येते, गुडघा धरतो आणि चालणं बंद पडतं, आणि तिथून ते महिन्याला पाव-अर्धा किलो असं चोरपावलांनी येत राहतं.

ही भूक खरी आहे की मला भास होतोय हे मी नंतर वाचलं तेव्हा कळलं. अमेरिकेत वजन उतरवायच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या 14 जणांना संशोधकांनी सहा वर्षांनी परत तपासलं, 2016 मध्ये ते प्रसिद्ध झालं. 14 पैकी 13 जणांचं वजन परत वाढलेलं होतं, आणि मुख्य म्हणजे त्यांचं शरीर त्या वजनाच्या माणसाने जेवढ्या कॅलरी जाळायला हव्यात त्यापेक्षा दिवसाला साधारण 500 कमीच जाळत होतं, सहा वर्षांनंतरसुद्धा. 500 म्हणजे आमच्याकडच्या चार-पाच पोळ्या झाल्या. म्हणजे शेजारीण 66 ची आणि मी 66 ची, दोघी सारखंच जेवलो तरी ती आहे तिथे राहणार आणि मी वाढणार. त्याआधी 2011 मध्ये मेलबर्नच्या डॉक्टरांनी दाखवलेलं की वजन उतरवल्यावर भुकेची हार्मोन्स जी बिघडतात ती वर्षानंतरही जागेवर आलेली नसतात. हे तुमच्या लेखात एका ओळीतही नव्हतं, जिद्द मात्र सहा वेळा होती, मी मोजली.

तर आता ऑपरेशनबद्दल. अजून ठरवलेलं नाही, विचार करतेय, आणि त्या विचाराला 8 महिने झालेत, यात शॉर्ट काय ते मला कळलेलं नाही. ठाण्याच्या एका सर्जनकडे गेले, त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे पखालीसारखं पोट काढलं आणि त्यातून केळ्याएवढा भाग ठेवून बाकीच्यावर काट मारली. याला स्लीव्ह म्हणतात. दुर्बिणीतून करतात, जठराचा 75-80 टक्के भाग काढून टाकतात, आणि तो परत बसवता येत नाही. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन मुख्यतः त्या वरच्या फुगीर भागातच तयार होतं, तो गेला की भूक कमी होते. डॉक्टर हे सांगत होते आणि मला ती अकरा वाजताची पोळी आठवत होती. दुसरा प्रकार बायपास, त्यात वर छोटीशी पिशवी करून आतडं थेट तिला जोडतात. सासूबाईंनी बायपास ऐकलं आणि घाबरून म्हणाल्या, अगं बाई, तुझ्या हृदयाला कधी काय झालं?

मग बाहेर त्यांच्या डाएटिशियनने अर्धा तास बसवून पुढचं सांगितलं. पहिले दोन आठवडे नुसतं पातळ, मग मऊ, मग हळूहळू घास, एकेक घास चावत बसायचं, जेवताना पाणी नाही, प्रोटीन रोज मोजून 60 ग्रॅम तरी, बी-12, लोह, कॅल्शियम, डी च्या गोळ्या आयुष्यभर आणि दरवर्षी रक्त तपासणी. तीन-चार महिन्यांनी केस गळतात ते नंतर येतात. स्लीव्हने काहींची ॲसिडिटी वाढते, पित्ताशयात खडे होऊ शकतात. आणि वजन यानंतरही परत येऊ शकतं, तेवढं नाही पण येतं, हे तिने स्वतःहून सांगितलं. त्या एका वाक्यामुळे माझा तिच्यावर विश्वास बसला, कारण आजवर मला कुठल्याच जिमवाल्याने, पावडरवाल्याने हे सांगितलं नव्हतं.

वजन उतरवायच्या इंजेक्शनचं का नाही बघत असं सगळे विचारतात, भाचीने तर लिंकच पाठवली. मौंजारो मार्च 2025 मध्ये आपल्याकडे आलं तेव्हा सगळ्यात छोट्या डोसची बाटली 3,500 ला होती, आठवड्याला एक. यांनी लगेच पाटीवर गुणाकार केला, महिन्याला 14,000, वर्षाला 1 लाख 68 हजार, आणि डोस वाढला की पैसे वाढणार. बरं थांबवलं की? त्याच जातीचं सेमाग्लुटाइड ज्यांनी ट्रायलमध्ये घेऊन मग सोडलं त्यांचं उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन वर्षभरात परत आलं होतं. ज्यांना परवडतं आणि ज्यांना लागू पडतं त्यांनी जरूर घ्यावं, माझं काही म्हणणं नाही. पण माझी परत वाढायची हौस फिटलीय.

ऑपरेशनचा आकडा मला पावणेचार लाख सांगितला. म्हटलं मेडिक्लेम आहे की, 11 वर्षं न चुकता हप्ते भरतोय. इथे खरी गंमत आहे, आणि तुमच्या वार्ताहराने लिहायचं तर यावर लिहायला हवं. विमा नियामकाने 2019 मध्ये सगळ्या कंपन्यांना एकसारखी भाषा ठरवून दिली. त्यात असं की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 40 किंवा वर असेल तर हे ऑपरेशन मिळेल, 35 किंवा वर असेल तर सोबत गंभीर आजार हवा, म्हणजे हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर प्रकार किंवा कंट्रोलमध्ये नसलेला डायबिटीस, आणि बाकीचे उपाय करून फसलेले हवेत. माझा बीएमआय 38. डायबिटीस आहे, पण दोन गोळ्यांवर कंट्रोलमध्ये आहे, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी 6.9. म्हणजे मी पथ्य पाळलं, गोळ्या वेळेवर घेतल्या, हाच माझा गुन्हा. हा 40 आणि 35 चा आकडा मुळात अमेरिकेतला, 1991 चा. आपल्या लोकांना कमी वजनातच पोटाचा घेर आणि शुगर धरते म्हणून आशियाई लोकांसाठी डॉक्टर कित्येक वर्षं 37.5 धरतात आणि शुगर-बीपी असेल तर 32.5, आणि 2022 मध्ये सर्जनांच्या अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी तर तो 27.5 पर्यंत खाली आणला. डॉक्टरांच्या हिशोबात मी बसते, विम्याच्या हिशोबात साडेचार किलो कमी पडते.

हो, कमी पडते. कंपनीच्या फोनवरचा मुलगा बिचारा चांगला होता, आकडे बघून हळूच म्हणाला, मॅडम, 98 किलो 600 ग्रॅम झालं असतं तर प्रश्नच नव्हता. मी फोन ठेवला आणि हसतच सुटले, हे धावत आले आतून. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी वजन वाढवायला सांगत होतं आणि तेसुद्धा वजन कमी करायला! आणि मला ते किती सोपं आहे! एक दिवाळीचा फराळ, दोन लग्नं आणि आंब्याचा सीझन, डोळे मिटून होईल. करणार नाही, पण रात्री पडल्या पडल्या मनात येतं हे खोटं कशाला सांगू.

‘बाकीचे उपाय करून फसल्याचा’ पुरावा काय देता असं कंपनीने मेलवर विचारलंय. मी तुमच्या पेपरचं ते लॅमिनेट केलेलं कात्रण स्कॅन करून पाठवलं, आणि सोबत आजच्या वजनाचा काट्यावरचा फोटो.

घरात अजून एकमत नाही. सासूबाईंना ती इजिप्तची इमान अहमद आठवते, 2017 मध्ये याच ऑपरेशनसाठी विमानाने मुंबईत आणलेली, तुम्हीच रोज पहिल्या पानावर छापत होतात. ती बिचारी पुढे त्याच वर्षी अबूधाबीत गेली, ते सासूबाई विसरत नाहीत. ती जवळजवळ 500 किलोची होती आणि तिला दहा आजार होते, असं मी सांगून बघितलं. मग हे म्हणतात, गडकरींनी 2011 मध्येच केलंय की ऑपरेशन, फिरतायत ना देशभर. त्यावर सासूबाई म्हणतात, ते मंत्री आहेत. यावर आमच्याकडे उत्तर नाही.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. हे असे जोडफोटो छापता तेव्हा दुसरा फोटो वजन उतरल्यावर किती दिवसांनी काढलाय ते खाली लिहा, आणि जमलं तर पाच वर्षांनी त्याच माणसाकडे परत जा. कुणाचं टिकलं असेल तर आनंदाने छापा, मीच पहिला फोन करेन त्यांना. माझा तिसरा फोटो या पत्रासोबत पाठवलाय, त्याच पुरवणीत त्याच कोपऱ्यात छापलात तरी माझी हरकत नाही, फक्त चेहरा कापा, ऑफिसातल्यांनी कात्रण बघितलेलं आहे.

मंगळवारी माझी स्लीप स्टडी आहे, रात्रभर अंगाला वायरी लावून झोपायचं आणि श्वास कितीदा अडकतो ते मशीन मोजतं. तासाला 30 वेळा किंवा जास्त भरलं तर सिव्हियर, म्हणजे विम्याच्या यादीत बसते. 28 आलं तर काय, असं मी काल जेवताना म्हटलं. तर इतके दिवस ऑपरेशनला नाही म्हणणाऱ्या सासूबाई ताटातून मान वर न करता म्हणाल्या, 28 कसले, पलीकडच्या खोलीत मी रात्रभर मोजतच पडलेली असते, तू घाबरू नकोस.

आपली,
एक वाचक, डोंबिवली पूर्व
(नाव छापू नये ही विनंती)