पिशवी काढायची म्हणतात, म्हणून लिहितेय

प्रिय मंदा,

तुझा निरोप वाचला. ‘अंग बाहेर येतंय, डॉक्टर पिशवी काढायची म्हणताहेत’, एवढ्या एका ओळीत तू किती महिन्यांचं सोसणं कोंबलंयस ते मला कळतंय. घरात चारचौघांसमोर फोनवर हे बोलता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. माझं ऑपरेशन होऊन बराच काळ लोटला, पण त्यातलं काही विसरलेले नाही.

बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण एवढं ठेव: नुसती पिशवी काढल्याने हे दुखणं बरं होत नाही. गर्भाशय खाली येतं ते त्याच्यात काही बिघडलं म्हणून येत नाही. त्याला वर धरणारे बंध सैल झालेले असतात आणि खालून सगळं तोलणारी स्नायूंची झोळी ढिली पडलेली असते. बाळंतपणात, विशेषतः मूल मोठं असेल किंवा चिमटा लावावा लागला असेल तर, हे स्नायू फार ताणले जातात, कधी हाडापासून सुटतातसुद्धा. पुढे पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक कमी होतं, त्यात जुनाट बद्धकोष्ठता, खोकला, वाढलेलं वजन, रोजचं जड उचलणं यांची भर पडते. तुझ्या हातून काही वावगं घडलं म्हणून हे झालेलं नाही, मंदा. कुणी तसं सुचवलं तर ऐकूनही घेऊ नकोस.

आता विचार कर, आधारच गेलेला आहे आणि फक्त पिशवी काढून टाकली, तर योनीचा वरचा भाग कशाच्या जोरावर वर राहणार? त्याला व्हॉल्ट म्हणतात. तो नीट बांधला नाही तर काही वर्षांनी तोच उलटून खाली येऊ शकतो. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचार, ‘पिशवी काढल्यावर व्हॉल्ट कशाला बांधणार?’ त्रिकास्थीकडे, म्हणजे माकडहाडाच्या वरच्या हाडाकडे, जाणाऱ्या बंधांना बांधतात, किंवा आत खोलवर सॅक्रोस्पायनस नावाचा बंध असतो त्याला टाका घेतात. समोरून मूत्राशय खाली झुकलं असेल तर पुढच्या भिंतीची दुरुस्ती, मागून गुदाशय फुगून येत असेल तर मागच्या भिंतीची. लघवी पूर्ण होत नाही असं वाटणं बहुधा पुढच्या बाजूचं असतं. शौचाला बोटाने आधार द्यावा लागत असेल तर मागच्या बाजूचं. हे सांगायला लाज वाटते हे मला ठाऊक आहे. पण त्यावरूनच डॉक्टरांना कळतं की कुठली भिंत शिवायची, तेव्हा सांग.

मेशबद्दलही, म्हणजे आत आधाराला बसवतात त्या जाळीबद्दलही, विचारून घे. योनीमार्गातून बसवायच्या जाळीमुळे अनेक बायकांना दुखणं आणि जखमा झाल्या, आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने प्रोलॅप्ससाठी, म्हणजे या अंग बाहेर येण्यासाठी, अशी जाळी विकणं बंद करायला लावलं. पोटातून किंवा दुर्बिणीने व्हॉल्ट त्रिकास्थीला बांधताना जाळी वापरतात ती पद्धत वेगळी, ती अजून चालते. दोन्हींना लोक ‘जाळी’च म्हणतात, म्हणून नेमकी कुठली ते विचार.

पिशवी काढायलाच हवी का, हाही प्रश्न विचारायला घाबरू नकोस. ती ठेवून वर बांधायच्या पद्धती आहेत. गर्भाशयाच्या तोंडाला घालायचा टाका ज्यांच्या नावाने जगभर ओळखला जातो, त्या डॉ. वि. ना. शिरोडकरांनीच प्रोलॅप्ससाठी पिशवी न काढता करायचं स्लिंगचं, म्हणजे पट्टीने आधार देण्याचं, ऑपरेशनही बसवलं होतं. शिवाय पेसरी आहे. सिलिकॉनची कडी, आत बसवली की सगळं वर धरून ठेवते. मधूनमधून काढून, धुऊन, तपासून घ्यावी लागते. काही बायका वर्षानुवर्षं तिच्यावर निभावतात. तुला फारसा त्रास नसेल तर थांबायलाही हरकत नसते. नुसतं खाली आलंय म्हणून प्रत्येकीने टेबलावर जायची गरज नाही. माझा त्रास रोजच्या चालण्या-बसण्यात आला होता, म्हणून मी ऑपरेशन करून घेतलं आणि त्याचा मला आनंद आहे.

अंडाशयांचं काय करणार तेही आधीच ठरवा. पाळी चालू असताना दोन्ही काढले तर पाळी एकदम जाते आणि तो धक्का मोठा असतो.

प्रत्यक्ष ऑपरेशन तुला वाटतं तेवढं भीतीचं नाही. मला पाठीत सुई देऊन भूल दिली होती. सगळं योनीमार्गातून केलं, पोटावर एकही टाका नाही. भूल उतरल्यावर मात्र जड, भरल्यासारखं वाटत होतं, कारण आत गॉजची लांब पट्टी भरून ठेवतात, रक्तस्राव दाबून धरायला. दुसऱ्या दिवशी सिस्टरने ती काढली. ती ओढत होती आणि पट्टी येतच होती, येतच होती, संपता संपेना. दुखलं असं नाही, पण विचित्र वाटलं. तिने ‘लांब श्वास सोडा, ताई’ म्हटलं, तेव्हा अंग सैल झालं.

लघवीची नळी काढल्यावर खरी परीक्षा असते. पहिली लघवी मोजतात, मग सोनोग्राफीने आत किती राहिली ते बघतात. काहींना लगेच होत नाही, मूत्राशय सुजलेलं असतं. मग पुन्हा काही दिवस नळी ठेवतात. त्याने खचून जाऊ नकोस, बहुतेकींचं सुरळीत होतं. उलटही होतं. आधी खाली आलेल्या भागामुळे मूत्रमार्ग मुडपलेला असतो, तो सरळ झाला की खोकताना-शिंकताना लघवी गळायला लागते. ऑपरेशनआधी पेसरीने किंवा हाताने भाग वर धरून खोकायला लावतात, म्हणजे हे छुपं गळणं कळतं. तुझी ही तपासणी झाली का?

घरी आल्यावर पहिले सहा आठवडे जपायचे. भरलेली बादली, कपड्यांचा ढीग, नातवंड, काही उचलायचं नाही. शौचाला कुंथायचं नाही. डॉक्टर जे सारक देतील ते पहिल्या दिवसापासून घे, घट्ट होण्याची वाट बघू नकोस. बसताना पायाखाली छोटा पाट घे, पुढे वाक. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळ, मग हातावर भार देऊन उठ. पण पडूनही राहू नकोस, थोडं थोडं चाल, पायात गुठळी होऊ नये म्हणून. गुलाबी-तपकिरी स्राव काही आठवडे जातो, मध्येच टाक्याचे धागे पडतात, ते ठीक. ताप, दुर्गंधी, तासाभरात पॅड भिजेल इतकं लाल रक्त, लघवी अडणं, एका पोटरीत दुखून सूज, किंवा अचानक दम लागणं, यातलं काहीही झालं तर रात्र असो, दवाखाना गाठ.

नवऱ्याशी जवळीक डॉक्टरांनी तपासून ‘हो’ म्हटल्यावरच. सुरुवातीला कोरडं, घट्ट वाटतं. योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम आणि वंगण यांनी पुष्कळ फरक पडतो. दुखत राहिलं तर सोसत बसू नकोस, त्यावर उपाय असतात.

आणि व्यायाम. डॉ. केगल यांनी १९४८ मध्ये हे स्नायू आवळण्याचा व्यायाम मांडला, आजही तोच पाया आहे. लघवी आणि वारा एकदम अडवल्यासारखं आत आणि वर ओढायचं, पोट-मांड्या न आवळता, श्वास न कोंडता. आणि सोडतानाही पूर्ण सोडायचं. पेल्विक फ्लोअरच्या, म्हणजे खालच्या या स्नायूंच्या झोळीच्या, फिजिओथेरपिस्टकडे एकदा जाच, कारण बऱ्याच बायका नकळत खाली ढकलतात. ऑपरेशनआधीपासून शिकलीस तर उत्तम. खोकला यायच्या आधी आवळायची सवय मला आता आपोआप लागलीय. हे परत होणारच नाही अशी हमी कुणी देत नाही, म्हणून हा व्यायाम कायमचा.

तपासणीचा कागद पुढच्या भेटीला बरोबर ठेव, त्यावर कितवा टप्पा आणि कुठली भिंत ते लिहिलेलं असतं. त्याचा फोटो मला पाठव. तारीख ठरायच्या आधी पुढचे सहा आठवडे घरचं कोण बघणार ते नावानिशी ठरव, ‘होईल काहीतरी’ असं नको. कुणी नसेल तर मी येते राहायला, मला सुट्टी मिळेल.

तुझीच,
शैला