गाडीवरची माया आणि गंजलेला पत्रा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चिपळुणात गेली 34 वर्षे मी मोटारसायकल दुरुस्तीचे काम करतो. हे पत्र लिहायचे बरेच दिवस मनात होते. गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाचे बोलणे ऐकले आणि लिहायला बसलो.

गुहागरकडच्या एका गावातले हे गृहस्थ. त्यांच्या वडिलांनी 1988 साली एका कंपनीची गाडी घेतली. तेव्हापासून त्या घरात जेवढ्या गाड्या आल्या त्या सगळ्या त्याच कंपनीच्या. आताची चौथी. घेऊन 14 महिने झाले होते, म्हणजे जेमतेम दुसरा पावसाळा. स्विंगआर्मचा, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचा, रंग पोपडे धरून सुटला होता, सायलेन्सर जोडाशी इतका गंजला होता की भोक पडायला आले होते, आणि पुढच्या चाकाचे बेअरिंग 11 हजार किलोमीटरवरच वाजत होते. शोरूमवाल्यांनी ‘खारी हवा आहे, गंज वॉरंटीत बसत नाही’ असे सांगून परत पाठवले. मी म्हटले, लेखी तक्रार करा, फोटो मी काढून देतो. तर म्हणाले, “नको मिस्त्री. आमच्या आबांपासूनची कंपनी आहे ती. तुम्ही घासून काळा रंग मारून द्या. वाडीत कुणाला दिसायला नको.”

मी रंग मारून दिला. ते मी करायला नको होते, असे आता वाटते.

गाडीवर माया असणे मला समजते. माझे पोटच त्या मायेवर चालते. यझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला, यामाहा आरएक्स 100 चे उत्पादनही त्याच वर्षी थांबले. या दोन्ही गाड्या आजही माझ्या दारात येतात. एका पिस्टनसाठी लोक कोल्हापूर-पुण्याची दुकाने पालथी घालतात. त्या गाड्या काही सर्वगुणसंपन्न नव्हत्या. धूर ओकायच्या, पेट्रोल प्यायच्या, पुढचा ड्रम ब्रेक पावसात भिजला की लागायचाच नाही. तरी माणसांनी त्या विकल्या नाहीत, कारण फ्रेम, टाकी, रिम, इंजिनाचे केसिंग हा सगळा मूळ सांगाडा तीस-तीस वर्षे टिकला. ती माया गाडीने कमावलेली होती.

22 जुलै 2021 चा पूर आपल्या वाचकांना आठवत असेल. बाजारपेठेत वाशिष्ठीचे पाणी पुरुषभर उंचीच्या वर होते. ओसरल्यावर माझ्या दारात चिखलाने माखलेल्या गाड्यांची रांग लागली ती दोन महिने हटली नाही. इंजिनातून काढलेले ऑइल दुधाच्या चहासारखे दिसायचे. दोन-तीनदा फ्लशिंग करायचे, प्लग काढून किक मारत सिलिंडरमधले पाणी उडवायचे, मॅग्नेटचे कव्हर उघडून वाळवायचे. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्या अशा पटापट चालू झाल्या. नव्यांचे ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) आणि सेन्सर बुडाले, त्यात मी कारखान्याला दोष देत नाही. पाण्यात बुडण्यासाठी कुणी गाडी बनवत नाही. मी बघत होतो ते वेगळेच. तोच चिखल, तेच पाणी, तितकेच दिवस. धुतल्यावर पंचवीस वर्षांच्या गाडीची रिम चमकली आणि तीन वर्षांच्या गाडीच्या स्टँडचा, चेनकव्हरचा, फूटरेस्टच्या ब्रॅकेटचा रंग हाताला लागून आला. खाली प्रायमरचा पत्ता नाही, सरळ पत्रा. काही गाड्यांच्या स्टेअरिंगचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, उघडला तर त्यात नखाएवढेच ग्रीस होते, तेही एका बाजूला. हे पुराने केलेले नाही.

नव्या गाड्यांमध्ये काहीच चांगले नाही, असे मी म्हणणार नाही. फ्युएल इंजेक्शनमुळे थंडीत चोक ओढत बसावे लागत नाही. परशुराम घाटात ओल्या रस्त्यावर एबीएसने, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेने, वाचलेली माणसे माझ्या ओळखीची आहेत. धूर कमी झाला, तो व्हायलाच हवा होता. पण 1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 हे धुराचे कडक नियम आले, त्याच्या एक वर्ष आधी 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले होते. या सगळ्याला पैसे लागतात, आणि आपले गिऱ्हाईक तर हजार-दोन हजारांच्या फरकावर गाडी बदलते. मग खर्च कुठे वाचवायचा? शोरूममध्ये जे दिसत नाही तिथे. टाकी झगमगते, मीटरवर मोबाइल जोडता येतो, आणि सीटखालची वायरिंग फ्रेमला घासून सोलली जाते. हा माझा अंदाज आहे, पण उघडलेल्या गाड्या बघून बांधलेला आहे.

याला आळा घालणारा नियम आपल्याकडे आहे, हे फार थोड्यांना माहीत आहे. 2019 मध्ये मोटार वाहन कायदा दुरुस्त झाला आणि 1 एप्रिल 2021 पासून सदोष गाड्या दुरुस्तीसाठी सक्तीने परत बोलावण्याचे, म्हणजे रिकॉलचे, नियम लागू झाले. सात वर्षांपर्यंतच्या गाडीची तक्रार मालकाला सरकारच्या वाहन पोर्टलवर नोंदवता येते. विकलेल्या गाड्यांच्या ठरावीक प्रमाणात तक्रारी जमल्या की चौकशीची चक्रे फिरतात, आणि कंपनीला 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. आता विचार करा. सगळे गणित तक्रारींच्या आकड्यावर आहे, आणि गाडीवर ज्याचा सर्वांत जास्त जीव तोच तक्रार करत नाही. तो काळा रंग मारून घेतो. कंपनीकडे आकडा जातो शून्य.

दोष कबूल केल्याने कंपनी लहान होते, असे आपल्याकडे का मानतात कळत नाही. मे 2021 मध्ये रॉयल एनफिल्डने इग्निशन कॉइलच्या दोषापायी 2,36,966 गाड्या परत बोलावल्या. माझ्याकडे येणाऱ्या बुलेटवाल्यांपैकी काहींना तो अपमान वाटला. मी त्यांना सांगितले, उलट बरे झाले, रस्त्यात बंद पडण्याआधी कळले. माझी चिंता वेगळीच आहे. रिकॉलचे पत्र वा फोन जातो पहिल्या मालकाला. खेड्यात गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाताची असते, कित्येकदा कागदही नावावर झालेले नसतात. त्या माणसाला कोण कळवणार? आरटीओने पीयूसी काढताना किंवा विमा उतरवताना गाडीच्या चेसिस नंबरवरून ‘या गाडीला रिकॉल बाकी आहे’ एवढे मराठीत दाखवण्याची सोय केली तरी पुष्कळ होईल.

नुसत्या चाहत्यांच्या जिवावर कारखाना सुधारत नाही, हे अमेरिकेत झालेले आहे. हार्ले-डेव्हिडसन 1969 मध्ये एएमएफ या मोठ्या कंपनीच्या ताब्यात गेली. गाड्यांची संख्या वाढवली गेली आणि दर्जा इतका घसरला की नव्याकोऱ्या गाड्या तेल गाळायच्या. जुने मालक चिकटून राहिले, नवीन गिऱ्हाईक मात्र जपानी गाड्यांकडे गेले. 1981 मध्ये कंपनीतल्याच 13 अधिकाऱ्यांनी ती विकत घेतली, होंडाचा ओहायोमधला कारखाना बघून कामाची पद्धत बदलली. 1983 मध्ये सरकारने 700 सीसीवरच्या परदेशी गाड्यांवर जकात वाढवून त्यांना आधार दिला, आणि ही जकात आता मुदतीआधी काढा असे 1987 मध्ये कंपनीनेच सांगितले. मधल्या चार वर्षांत त्यांनी गाडी सुधारली होती. आपल्या चाकण-आकुर्डी-वाळूज पट्ट्यातले कामगार त्यांच्यापेक्षा कुठे कमी नाहीत. आज केटीएम आणि ट्रायम्फच्या गाड्या चाकणला बनून परदेशात जातात. म्हणजे चांगले बनवता येत नाही असे नाही. कोकणात तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, हे डोळ्यांपुढे ठेवून शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीलाही रंगाचा एक थर जास्त द्यावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आणखी एक मागणी आहे. गाडीची नोंदणी सरकार 15 वर्षांसाठी करते, कर आपण एकरकमी भरतो. मग सुटे भाग आठव्या वर्षी ‘बंद झाले’ कसे? मॉडेलचे स्टिकर दर दोन वर्षांनी बदलतात, त्याबरोबर आतले कपलर आणि ब्रॅकेटही बदलतात, आणि जुन्या गाडीचा मालक लोकल मालाच्या तोंडी जातो. नोंदणी जितकी वर्षे, तितकी वर्षे पार्ट मिळाले पाहिजेत. दोष कुठे आहे हे दाखवणारे स्कॅनर आणि त्याची माहितीही आमच्यासारख्या छोट्या गॅरेजांना रास्त दरात मिळावी. केंद्राने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढले, त्यात वाहने आहेत. पण तालुक्याच्या गॅरेजपर्यंत त्याचा उपयोग पोचलेला मी पाहिला नाही.

गाडीमालकांना माझी हात जोडून विनंती आहे. सर्व्हिसिंगला गेलात की दोष जॉबकार्डवर (सर्व्हिसिंगच्या नोंदीच्या कागदावर) लिहून घ्या, त्याची प्रत मागा. ऐकले नाही तर 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात ती करता येते.

त्या गृहस्थांची गाडी गेल्यानंतर मी गॅरेजमध्ये एक दोनशे पानी वही ठेवली आहे. कोणते मॉडेल, कोणत्या वर्षीचे, किती किलोमीटर, काय बिघडले, एवढेच लिहितो. मालकाचे नाव लिहीत नाही. 41 नोंदी झाल्या आहेत. परवा तेच गृहस्थ पुन्हा आले, या वेळी मागचे बेअरिंग वाजत होते. मी वही पुढे केली. थोडा वेळ उभे राहिले, मग पेन घेतले आणि स्वतःच्या हाताने लिहिले. खेड, दापोली, गुहागरच्या गॅरेजवाल्या बांधवांनीही अशी वही ठेवावी. वर्षअखेरीला सगळ्या एकत्र करून परिवहन खात्याला पाठवू.

– एक गॅरेजचालक, चिपळूण (जि. रत्नागिरी)