यंदा विसर्जनादिवशीच सुक्कोथ

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात रोज पंचांग येतं, सणांच्या पुरवण्या येतात, त्याबद्दलच एक विनंती करायला लिहितोय. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मूळचे कोकणातले ज्यू. घरात मराठीच बोलतो, आजोबा नोकरीसाठी बेळगावला आले आणि मग आम्ही इथलेच झालो. पण आमच्या सणांची नावं पेपरात दिसतात ती परदेशच्या पानावर, बहुतेक वेळा लढाईची बातमी असली की. इकडं टिळकवाडीत आमच्या गच्चीवर सुक्कोथचा मांडव पडतो, गल्लीतली निम्मी माणसं येऊन जेवतात, त्याची एक ओळ कधी कुठं येत नाही, आणि इतका आनंदाचा सण शेजारच्या गल्लीला पण माहीत नसावा याचं मला खरंच वाईट वाटतं.

मिसर देशातल्या गुलामीतून सुटल्यावर आमचे पूर्वज 40 वर्षं रानात झोपड्यांत राहिले, त्याची आठवण म्हणून तिश्री महिन्याच्या पौर्णिमेपासून सात दिवस पक्कं घर सोडून मांडवात जेवायचं असा हा सण. मांडवाला आम्ही सुक्का म्हणतो. भिंती कशाच्याही चालतात, आमच्याकडं आईच्या जुन्या साड्या लावतो, पण छप्पर मात्र जमिनीतनं उगवलेल्या आणि तोडलेल्या हिरवळीचंच पाहिजे, सावली उन्हापेक्षा जास्त पडली पाहिजे आणि रात्री मधनं चांदण्या दिसल्या पाहिजेत. आम्ही नारळाच्या झावळ्या घालतो, कोपऱ्याला ऊस बांधतो, ऊस आपल्याकडं काय कमी आहे होय! बेळगावचा पाऊस तेव्हा पुरता गेलेला नसतो, म्हणून ताडपत्री तयार ठेवतो, पण जेवायला बसताना ती ओढून बाजूला करावीच लागते, वर ताडपत्री असली की तो सुक्का राहत नाही. फारच पाऊस आला तर घरात जेवायची मुभा आहे, पण पोरं काय ऐकत नाहीत, भिजत बसतात.

तोरामध्ये, म्हणजे आमच्या धर्मग्रंथात, 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या 16व्या अध्यायात, या सणात आनंद कर अशी आज्ञाच आहे, आणि कुणाबरोबर ते पण सांगितलंय, मुलगा, मुलगी, घरातले चाकर, लेवी म्हणजे देवळाची सेवा करणारे, परका माणूस, अनाथ आणि विधवा. म्हणजे दार लावून घरच्या घरी आनंद केला तर ती आज्ञा पुरी होत नाही असं माझे वडील सांगायचे आणि मलाही तेच पटतं. आमच्या गल्लीत एक आजी आहेत, नवरा गेल्यापासून त्यांना कुणी हळदीकुंकवाला बोलवत नाही, आमच्या मांडवात पहिलं पान त्यांचं असतं. खालच्या मजल्यावरच्या अक्का कन्नड बोलतात, लिंगायत आहेत, झावळ्या विणायला सगळ्यात तरबेज त्याच.

2024 आणि 2025, दोन्ही वर्षी सुक्कोथची पहिली रात्र कोजागिरीलाच आली होती. आमच्यात मांसाच्या जेवणासोबत दूध चालत नाही, म्हणून बायकोनं सगळं जेवण शाकाहारीच केलं, म्हणजे अक्कांची पण सोय झाली आणि वर मसाला दूध पण घेता आलं. किसमिस भिजवून केलेलं सरबत, त्यावर किद्दुशची प्रार्थना, मग जेवण आणि मग शेजाऱ्यांच्या पातेल्यातलं दूध, सगळं एकाच चंद्राखाली. आमचं कॅलेंडर पण चंद्रावरच चालतं आणि आमच्यात पण अधिक महिना असतो, 19 वर्षांत 7 वेळा, त्यामुळं आमचे सण तुमच्या सणांच्या आगेमागेच फिरतात, पुरीम होळीच्या आसपास येतो, पेसाह बऱ्याचदा चैत्री पौर्णिमेला.

यंदा मात्र अधिक ज्येष्ठ येऊन गेला आणि आमचा अधिक महिना पुढच्या वर्षी पुरीमच्या आधी येणार, त्यामुळं कोजागिरी महिनाभर पुढं गेली आणि सुक्कोथ लागतो 25 सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी. त्यात तो शुक्रवार, म्हणजे शब्बाथ, आमचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, पण लागतो, दिवे संध्याकाळी सहाच्या आसपासच लावून व्हायला पाहिजेत, त्यानंतर बांधाबांध बंद. बेळगावची मिरवणूक तर दुसऱ्या दिवसापर्यंत चालते हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या पोरांनी आपणहून सांगितलंय, काका, गुरुवारीच मांडव घालून देतो आणि कपिलेश्वर तळ्यावरनं परत आलो की कितीही वाजू देत, जेवायला येतो. शनिवारी लुलाव, म्हणजे या सणाची डहाळ्यांची जुडी, हलवत नाहीत, म्हणून खजुरीची मिटलेली पाती, महाळुंग आणि बाकीच्या दोन झाडांच्या डहाळ्या हातात घेऊन सगळ्या दिशांना हलवायचं ते रविवारी सकाळी सुरू करू, ते बघायला पण लहान पोरं येतातच.

फक्त सुक्कोथ संपल्यावर लगेच येणारा सिम्हाथ तोरा इथं होत नाही, त्याला सेफेर तोरा, म्हणजे हातानं लिहिलेली तोराची गुंडाळी पाहिजे, सार्वजनिक प्रार्थनेला दहा पुरुष पाहिजेत. त्यासाठी आम्ही पुणं गाठतो, रास्ता पेठेतल्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरात. त्या दिवशी तोराचं वर्षभराचं वाचन संपतं आणि लगेच तिथंच पहिल्या ओळीपासून परत सुरू होतं, माणसं सेफेर तोरा छातीशी धरून सात फेरे घालतात, गातात, नाचतात, पोरांना मिठाई मिळते, आणि सगळ्या गप्पा आपल्या मराठीत. पुण्यात शिकायला असलेला आपल्या बेळगाव-खानापूरकडचा कुणी पोरगा ओळखीतनं गेला तर डोकं झाकून जायचं, मोबाईल खिशात बंद ठेवायचा आणि आधी कुणाला तरी विचारून जायचं, एवढंच.

तर विनंती अशी की पंचांगाच्या चौकटीत 25 सप्टेंबरला 'सुक्कोथ प्रारंभ' आणि 4 ऑक्टोबरला 'सिम्हाथ तोरा' एवढं छापावं, आणि पुरवणीत जागा असेल तर मांडवाची माहिती मी सविस्तर लिहून देतो. फोटोग्राफर पाठवायचा असेल तर शुक्रवारी आणि शनिवारी नको, रविवारी सकाळी पाठवा, नाश्ता करूनच जाऊ दे त्याला.

आपला नियमित वाचक,
टिळकवाडी, बेळगाव