'सर्व्हर डाउन' म्हणून हात झटकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निकालाचा दिवस असो, प्रवेश अर्ज असोत की फी भरण्याची शेवटची तारीख, शिक्षणसंस्थेच्या खिडकीवर उत्तर ठरलेले : 'सर्व्हर डाउन आहे, उद्या या.' सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर-टॉवेलच्या कारखानदारांचे सर्व्हर सांभाळणे हा माझा व्यवसाय आहे, म्हणून ठामपणे लिहितो. मशीन बहुतेक वेळा चालूच असते. घोळ असतो तो तिच्यापुढे बसवलेल्या रिव्हर्स प्रॉक्सीच्या सेटिंगमध्ये, आणि त्या सेटिंगला वाली नसतो.

रिव्हर्स प्रॉक्सी म्हणजे दवाखान्यातला केसपेपरचा काउंटर. येणारा प्रत्येक जण आधी तिथे थांबतो आणि तिथून आत पाठवला जातो. आत डॉक्टर कितीही हुशार असोत, काउंटरवर नियम चुकीचा लिहिलेला असेल तर रुग्ण दारातूनच परततो.

शहरातल्या एका शिक्षणसंस्थेसाठी माझ्या भाचीचा अर्ज भरायला आम्ही नेट कॅफेत बसलो होतो. अर्जावर स्पष्ट लिहिलेले, '२ एमबीपर्यंतची फाइल चालेल.' तिच्या जातीच्या दाखल्याची फाइल १.४ एमबीची. बटण दाबले की पांढऱ्या पानावर इंग्रजीत '४१३', म्हणजे 'फाइल फार मोठी'. कॅफेवाला सहज म्हणाला, "साहेब, १ एमबीच्या आत आणावी लागते, सगळ्यांची तशीच करून देतो." त्याने फाइल दाबून लहान केली, दाखल्यावरचा शिक्का पुसट झाला आणि अर्ज 'दाखला अस्पष्ट' म्हणून परत आला. असा काउंटर म्हणून बसवला जाणारा एनजिनएक्स हा सर्व्हर, वेगळे काही सांगितले नाही तर, १ एमबीपेक्षा मोठी फाइल घेतच नाही. आतल्या प्रोग्रॅममध्ये २ लिहिले, बाहेर १ तसेच राहिले. दुरुस्ती एका ओळीची. ती कोणी करत नाही म्हणून पोरे पैसे देऊन फाइली लहान करून घेतात.

फीचा प्रकार याहून वाईट. एनजिनएक्स मागच्या प्रोग्रॅमकडून काहीच आले नाही तर ६० सेकंद वाट पाहतो, मग '५०४', म्हणजे 'आतून वेळेत उत्तर नाही', असे दाखवून मोकळा होतो. पण मागचे काम तिथे थांबेलच असे नाही. पैसे जमा होतात, पावती मात्र दिसत नाही. पूर्व भागातली विडी कामगार आई रोजगार बुडवून मुलीची फी भरायला आलेली असते. ती घाबरून पुन्हा भरते. नुसती मुदत वाढवून हे सुटत नाही. एका अर्जाचे पैसे दुसऱ्यांदा घ्यायचे नाहीत, हे प्रोग्रॅममध्येच पक्के करायला हवे.

गर्दीचा दोष मशीनच्या ताकदीवर ढकलून नवे, महाग मशीन घ्यायची घाई होते. अपाची १९९५ पासूनचा, भरवशाचा सर्व्हर. पण त्याच्या जुन्या प्रीफोर्क पद्धतीत एका जोडणीला एक प्रोसेस, म्हणजे सर्व्हरची एक चालू प्रत, गुंतते आणि अशा प्रोसेसची मूळ मर्यादा २५६ ची. गावाकडच्या मंद नेटवर्कवर पान हळूहळू उतरते, तोवर ती प्रोसेस अडकून पडते. इगोर सिसोएव्ह यांनी २००४ मध्ये खुला केलेला एनजिनएक्स एकाच वर्करवर, म्हणजे एकाच प्रोसेसवर, हजारो जोडण्या पेलतो. म्हणून माझे मत असे : पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेतली जुनी व्यवस्था अपाचीवर नीट चालत असेल तर ती मोडू नका, तिच्यापुढे एनजिनएक्स उभा करा. आतून आलेले पान तो झटकन उचलून ठेवतो आणि मंद फोनला सावकाश देत बसतो; अपाची पुढच्या कामाला मोकळा. काम चार-पाच मशीनवर वाटायचे असेल तर एचएप्रॉक्सी उत्तम. आणि जिथे एकच माणूस सगळे बघतो तिथे कॅडी हा सर्व्हर घ्या, तो साइटची ओळख पटवणारे सुरक्षेचे प्रमाणपत्र स्वतःच काढतो आणि नवे करतो. अशी प्रमाणपत्रे फुकट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचे नेहमीचे प्रमाणपत्र ९० दिवसांचे असते. एनजिनएक्सवर ते नवे झाले तरी सर्व्हर रीलोड केला नाही, म्हणजे त्याला सेटिंग पुन्हा वाचायला लावले नाही, तर जुनेच दाखवले जाते, आणि त्याची मुदत संपली की लोकांना 'ही साइट सुरक्षित नाही' असा इशारा दिसतो.

इंटरनेटवरच्या एका पत्त्यावरून (आयपी) फार विनंत्या आल्या की अडवायची सोयही विचार करून लावावी. कॉलेजच्या लॅबमधली सगळी पोरे बाहेरून एकाच आयपी पत्त्याची दिसतात. एका वेळी अर्ज भरायला बसली की सगळीच बाद.

संस्थांना माझी विनंती आहे. कंत्राटात 'वेबसाइट चालू ठेवणे' एवढेच लिहू नका. फाइलची मर्यादा, थांबण्याची मुदत, प्रमाणपत्राचे नूतनीकरण आणि एरर लॉग (चुकांची नोंद) रोज कोण पाहणार, हे नावानिशी लिहा. अर्ज सुरू होण्याच्या आठवडाभर आधी खोटी गर्दी सोडून चाचणी घ्या आणि तिचा निकाल संकेतस्थळावर लावा. '४१३' किंवा '५०४' आला तर काय करायचे, पैसे कापले गेले असतील तर कुठे फोन करायचा, हे त्याच पानावर मराठीत दाखवा. एनजिनएक्समध्ये असे पान लावायला अर्धा तासही लागत नाही.

आपला,
एक वाचक, होटगी रस्ता, सोलापूर